साच्याचे टायमिंग

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'साच्याचे टायमिंग' असे कळवले. त्यांना थोडे नवल वाटले असावे. कामगार चळवळीत वावरलेला माणूस संपाचा इतिहास सांगेल, पगारवाढीची आकडेवारी मांडेल, अशी अपेक्षा असते. ते सांगणारी मंडळी आमच्यापेक्षा जाणती आहेत. आम्ही शाळेत फार रमलो नाही. जे काही शिकलो ते साचेखात्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आपल्या हाताखालून गेलेली एक गोष्ट नीट समजावून सांगावी, हेच आम्हाला बरे वाटते.

साचा म्हणजे माग. परळ-लालबागच्या गिरण्यांत मागाला साचा म्हणत आणि विणकराला साचेवाला. १८५४ साली कावसजी दावरांनी ताडदेवला पहिली गिरणी उभी करण्याचा घाट घातला, तेव्हापासून सव्वाशे वर्षे या भागाची झोप आणि जाग गिरणीच्या भोंग्यावर ठरत होती. आज त्या साच्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे आहेत. परंतु यंत्राची वेळ चुकली म्हणजे काय होते, ती चूक कशी शोधायची आणि तिचा दोष कोणाच्या माथी मारायचा, हे प्रश्न गिरण्यांबरोबर संपलेले नाहीत.

साच्याकडे वळण्यापूर्वी एक वेगळे यंत्र पाहू. ते लहान आहे आणि त्याचे काम चटकन ध्यानात येते. परळहून दादरकडे जाताना नायगावचे पोलीस मुख्यालय लागते. त्या बाजूने जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी अंमलदाराच्या कमरेचे रिव्हॉल्व्हर पाहिलेले असते. सॅम्युएल कोल्ट नावाच्या अमेरिकन माणसाने १८३६ साली आपल्या देशात त्याचे पेटंट घेतले. यात नळी एकच, पण तिच्या मागे फिरणारे एक सिलिंडर असते आणि त्यात बहुधा सहा घरे असतात. घोडा मागे ओढला की एक छोटा पंजा सिलिंडरच्या पाठीवरच्या दातेरी चकतीला ढकलतो आणि सिलिंडर एक घर पुढे सरकते. नवे घर नळीच्या बरोबर समोर आले की खालून एक खुंटी सिलिंडरच्या खाचेत बसते आणि त्याला कुलूप लागते. त्यानंतरच घोडा पडायला हवा. ढकलणे, थांबवणे आणि ठोकणे या तीन क्रिया ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या क्षणी व्हाव्यात, याला त्या धंद्यात टायमिंग म्हणतात.

समजा, पंजा झिजला. मग सिलिंडर थोडे मागे राहते. खुंटी खाचेपर्यंत पोहोचत नाही आणि घोडा तर पडतो. गोळी घरातून निघते ती नळीच्या तोंडाच्या मधोमध जात नाही, कडेवर आपटते. शिशाचा कीस उडतो आणि बाजूला उभ्या असलेल्याच्या गालावर येतो. झीज फार झालेली असेल तर नळीच फुटण्याचा संभव असतो.

हा दोष शोधण्याची रीत साधी आहे. कारागीर प्रथम रिव्हॉल्व्हर रिकामे करतो, आणि रिकामे झाले आहे की नाही हे दोनदा पाहतो. मग सिलिंडरवर बोट हलके टेकवून ठेवतो, म्हणजे ते आपल्याच वेगाने पुढे घरंगळणार नाही. आता घोडा अगदी सावकाश मागे ओढायचा. घोडा पुरता मागे जाण्यापूर्वी किंवा जाताक्षणी खुंटी 'टिक' करून खाचेत बसली तर ते घर ठीक. असे सहाही घरांचे पाहायचे. घाईने घोडा ओढला तर सिलिंडर स्वतःच्या वजनाच्या झोकाने पुढे जाऊन बसते आणि दोष लपतो. सावकाश ओढला तरच तो उघडा पडतो.

पुढचा भाग महत्त्वाचा आहे. सहाही घरे मागे राहत असतील, तर दोष सर्वांना ढकलणाऱ्या पंजात असण्याचा संभव अधिक. एकच घर मागे राहत असेल, तर पंजा निर्दोष असून दातेरी चकतीवरचा त्या घराचा दात झिजला आहे, किंवा त्या घराची खाच बिघडली आहे. पंजा झिजला असेल तर किंचित मोठा नवा पंजा घेऊन तो दगडावर थोडाथोडा घासत बसवतात आणि प्रत्येक घासणीनंतर सहाही घरे पुन्हा तपासतात. चकतीच्या दातांना उगाच कानस लावीत नाहीत. एक दात जास्त कापला गेला तर बाकीच्या पाचांचाही हिशेब बिघडतो. हे काम घरी करण्याचे नव्हे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्रदुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. आम्हाला येथे घ्यायची आहे ती त्यातली तपासाची रीत. दोष सर्व घरांत आहे की एकाच घरात, या एका प्रश्नाने निम्मा तपास संपतो. साचेखात्यातल्या जॉबरची रीत नेमकी हीच होती.

आता साचा. ज्यांनी तो चालताना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. ताण्याचे धागे वह्यांतून ओवलेले असतात. साध्या कापडात एक वही वर जाते, दुसरी खाली येते आणि ताण्याचे तोंड उघडते. त्या उघड्या तोंडातून धोटा पलीकडे जातो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते, तिचा धागा मागे उलगडत राहतो. मग फणी पुढे येऊन तो धागा कापडाला ठोकते. तोंड उघडणे, धोटा मारणे, फणी ठोकणे ही झाली साच्याची तीन मुख्य कामे. हातमागावर विणकर ही तिन्ही स्वतःच्या हातापायांनी करतो. म्हणून त्याचे टायमिंग त्याच्या अंगात असते. कारखान्याच्या साच्यात ते लोखंडात बसवावे लागते.

साच्याला दोन दांडे असतात. वरचा क्रँकचा दांडा एका धाग्याला एक फेरा घेतो आणि फणी पुढेमागे हलवतो. खालचा दांडा त्याच्या निम्म्या गतीने फिरतो. त्याच्या एका फेऱ्यात धोटा एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मारला जातो. साध्या कापडाच्या वह्याही त्याच दांड्यावरून हलतात. दोन्ही दांडे दातेरी चाकांनी एकमेकांना बांधलेले असतात.

क्रँकचा एक फेरा म्हणजे घड्याळाच्या मोठ्या काट्याचा एक फेरा, असे धरू. तबकडीवरचा प्रत्येक आकडा म्हणजे ३० अंश. फणी कापडाला ठोकते तो क्षण बाराचा. फणी मागे जाऊ लागते आणि काटा तीनवर येतो, तेव्हा पिकर धोट्याला ढकलायला लागतो. चारच्या थोडे अलीकडे धोटा ताण्याच्या तोंडात शिरतो. सहाला फणी सर्वांत मागे असते आणि तोंड पुरते उघडे असते. आठच्या सुमाराला धोटा पलीकडे बाहेर पडतो आणि नऊपर्यंत समोरच्या पेटीत जाऊन बसतो. नऊ ते बारा यांच्या दरम्यान वरची वही खाली आणि खालची वर जाताना दोन्ही एका पातळीत येतात, धागा कात्रीत सापडतो आणि बाराला फणी पुन्हा ठोकते. वह्या नऊला समपातळीत आणाव्यात की बाराला, हे कापडावर अवलंबून असते. लवकर आणल्या तर कापड भरीव बसते, पण ताण्यावर ताण पडतो. उशिरा आणल्या तर ताणा कमी तुटतो. म्हणजे बरोबर टायमिंग एकच, असे नाही. मालाप्रमाणे ते बदलते आणि ते ठरवण्यात जॉबरचे कसब असते.

हे सगळे किती वेळात होते? मिनिटाला २०० फेरे घेणाऱ्या साच्यावर एक फेरा ०.३ सेकंदाचा. धोट्याला ताण्याच्या तोंडातून पलीकडे जायला मिळतो सुमारे ०.११ सेकंद. एवढ्या वेळात सव्वा मीटर रुंदीचा ताणा आणि स्वतःची लांबी ओलांडायची, तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर, म्हणजे ताशी ५० किलोमीटर पडतो. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली वस्तू जमिनीवर येते तेव्हा तिचा वेग साधारण एवढाच असतो. धोटा लाकडी असतो, त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोक्या असतात. असा धोटा मिनिटाला २०० वेळा माणसाच्या पोटासमोरून जातो. तो तोंडातून बाहेर उडाला तर कोणाला लागेल याचा नेम नाही. फॅक्टरी कायद्याखालच्या नियमांत धोटा उडण्यापासून बचाव व्हावा म्हणून साच्याला आडोसा लावण्याची तरतूद आली, ती उगीच नव्हे.

यंत्र बनवणाऱ्यांनाही हा धोका ठाऊक होता. म्हणून साच्यात एक पहारेकरी ठेवलेला असतो. धोटा पेटीत वेळेवर शिरला की पेटीची मागची पट्टी दबते, त्यामुळे खालचा एक लोखंडी खंजीर उचलला जातो आणि फणी बिनधोक पुढे जाते. धोटा वेळेवर आला नाही, तर खंजीर उचलला जात नाही. तो समोरच्या ठोकळ्यावर आदळतो आणि साचा धाडकन बंद पडतो. याला बँग होणे म्हणत. धोटा ताण्यात अडकलेला असताना फणी ठोकली गेली तर शेकडो धागे एकदम तुटतील, ते यामुळे वाचतात. हलक्या कापडाच्या साच्यांत खंजिराऐवजी फणीच खालून सुटी होऊन मागे झुलते. रीत वेगळी, हेतू एकच.

साचा वारंवार बँग होऊ लागला की विणकर जॉबरला हाक मारी. चांगला जॉबर आधी हत्यार उचलत नसे. तो विचारी : कोणत्या बाजूने धोटा निघाला की बँग होतो? दर धाग्याला, एकाआड एक, की मधूनच? सकाळी होतो की साचा तापल्यावर? मग तो कापड पाही. एखादी जाड पट्टी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर दोष धोट्यात नाही, कापड गुंडाळणाऱ्या चाकांच्या मालिकेत एखादा दात झिजला आहे. ते अंतर फुटपट्टीने मोजले की कोणते चाक, हेही कळते. यंत्रातला प्रत्येक भाग आपल्या फेऱ्याच्या हिशेबाने चूक करतो. क्रँकच्या दांड्यावरचा दोष दर धाग्याला दिसतो. खालच्या दांड्यावर एका बाजूला असलेला दोष एकाआड एक धाग्याला, नेहमी त्याच बाजूने दिसतो. रिव्हॉल्व्हरची सहा घरे आणि साच्याच्या दोन बाजू यांत तत्त्वाचा फरक नाही.

यानंतर साचा बंद करून, वीज तोडून, चाक हाताने सावकाश फिरवायचे. आम्हाला हे शिकवले ते लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या निवृत्त जॉबरने. सगळे त्यांना तात्या म्हणत. ते म्हणाले होते, "पोरा, चालत्या साच्यावर नजर ठरत नाही. हातानं फिरव, म्हणजे कोण उशिरा येतंय ते दिसेल." तपासाचा क्रम त्यांनी बोटांवर मोजून दिला होता, तो असा.

पहिले, बाराचा काटा नक्की करायचा, म्हणजे फणी कापडाला टेकते ती जागा. पुढचे सगळे मोजमाप तिथून. दुसरे, वह्या कोणत्या वेळी समपातळीत येतात ते पाहायचे, आणि दोन्ही वेळी तोंड सारखे उघडते का, खालचे धागे धोट्याच्या वाटेवर नीट टेकतात का, हे तपासायचे. तिसरे, डावा आणि उजवा पिकर धोट्याला केव्हा हलवू लागतो ते पाहायचे. दोन्ही बाजूंची वेळ एक हवी. चौथे, धोटा पेटीत ठेवून खंजीर ठोकळ्यावरून सुटतो का, आणि धोटा काढून घेतल्यावर तो आदळतो का, हे दोन्ही बाजूंना पाहायचे. पाचवे, पेटीत आलेला धोटा पिकरला चिकटून थांबतो का, की आपटून मागे सरकतो, हे पाहायचे. मागे सरकला तर पुढच्या वेळी पिकर आधी मोकळाच धावतो, मग धोट्याला गाठतो, आणि मार उशिरा व अपुरा बसतो. दोष अशा वेळी दिसतो एका बाजूला आणि त्याचे मूळ असते आदल्या धाग्यात. हे पाचही झाल्यावर, सहावे आणि शेवटचे, धोट्याला बसणारा जोर कमीजास्त करायचा.

क्रमाला कारण आहे. वह्यांची वेळ बदलली तर धोट्याची वेळ पुन्हा पाहावी लागते. धोट्याची वेळ चुकलेली असताना जोर वाढवला तर चूक झाकली जाते, जात नाही. दोन्ही बाजूंचे पिकर आणि वह्या सारख्याच उशिरा येत असतील, तर दोन दांड्यांमधली चाके एक दात चुकून बसली आहेत असे समजावे. क्रँकच्या चाकाला ४० दात असतील तर एक दात म्हणजे ९ अंश. एकच पिकर उशिरा येत असेल, तर त्या बाजूचा पिकिंगचा भाग झिजला आहे किंवा सैल झाला आहे.

आता ज्या प्रसंगामुळे आम्हाला हे सर्व शिकावे लागले तो सांगतो. १९९० नंतरची ती पहिली एकदोन वर्षे. आम्ही तेव्हा पंचविशीच्या आतले. बदलीवर काम करीत होतो आणि उरलेल्या वेळी युनियनच्या कचेरीत अर्ज लिहून देत होतो. एका गिरणीत दुपारपाळीला एका साच्याचा धोटा उडाला आणि शेजारच्या साच्यावरच्या बदली पोराच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला. विणकरावर चार्जशीट आले. तुटलेला धागा वेळेवर बांधला नाही, दुर्लक्ष केले, माल खराब केला, असे आरोप होते. विणकराची वीस वर्षांची नोकरी पणाला लागली. आरोपात काही तथ्यही होते. एक तुटलेला धागा तोंडात लोंबकळत होता आणि धोट्याने तिथेच वाट सोडली होती.

आम्ही रागाच्या भरात चार पाने लिहिली, त्यात मालक आणि मास्तर यांना भरपूर शिव्या होत्या. तात्यांनी ती वाचली आणि बाजूला ठेवली. त्यांनी विचारले, "धोटा कुठल्या अंगानं निघाला होता?" आम्हाला ठाऊक नव्हते. विणकराला विचारले. तो म्हणाला, "डावीकडून. महिनाभर डावीकडूनच त्रास होता. आधी बँग व्हायचा. मग जॉबरनं काहीतरी केलं, बँग थांबला. पण धोटा लईच जोरात जायला लागला."

चौकशीच्या दिवशी आम्ही साचा हाताने फिरवून पाहण्याची मागणी केली. बरीच कुरकुर झाली, पण ती मान्य झाली. सर्वांसमोर चाक फिरवले. उजवा पिकर तीनच्या ठोक्याला हलला. डावा हलला साडेतीनला. अर्ध्या आकड्याचा फरक, म्हणजे १५ अंश. चालत्या साच्यावर तो सेकंदाचा ऐंशीवा भाग होतो. डाव्या बाजूला धोट्याला मार देणारे लोखंडी नोज झिजून बोथट झाले होते. त्यामुळे धोटा उशिरा निघे, उशिरा पोहोचे, आणि खंजीर आपले काम करून साचा बंद पाडी. जॉबरने डाव्या काठीचा चामडी पट्टा दोन बोटे आखूड केला होता. त्याने जोर वाढला. उशिरा निघालेला धोटा धावत जाऊन वेळेवर पोहोचू लागला. पहारेकरी गप्प झाला. परंतु तोंड मिटत आलेले असताना धोटा त्यातून दुप्पट घाईने जाऊ लागला. चांगल्या साच्यावर लोंबत्या धाग्याने कदाचित कापडात एखादा दोष आला असता आणि तेवढ्यावर भागले असते. या साच्यावर धोटा उडाला.

आता आमच्यापुढे पेच आला. तो जॉबर आमच्याच युनियनचा सभासद होता. पट्टा त्याने आखूड केला हे सांगितले तर विणकर सुटेल आणि जॉबर अडकेल. आमच्यातल्या काहींचे म्हणणे पडले की नोज झिजले होते एवढेच बोलावे, पट्ट्याचा विषय काढू नये. आम्हालाही क्षणभर ते बरे वाटले. शेवटी आम्ही जॉबरच्याच घरी गेलो आणि त्याला सरळ विचारले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने फळीवरच्या डब्यातून तीन चिठ्ठ्या काढल्या. नवे नोज मिळावे म्हणून त्याने स्टोअरला दिलेल्या मागण्यांच्या त्या नकला होत्या. पहिली तीन महिन्यांपूर्वीची. तो म्हणाला, "साचा बंद ठेवला तर लाईनचं उत्पादन खाली येतं, ते माझ्या नावावर. चालू ठेवला तर हे असं. मी काय करायचं, ते तुम्ही सांगा."

चौकशीत आम्ही सर्व सांगितले. पट्टाही सांगितला आणि चिठ्ठ्याही दाखवल्या. विणकरावरचा आरोप मागे घेतला गेला. जॉबरला लेखी ताकीद मिळाली. नवे नोज दोन दिवसांत आले. जॉबर पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलला नाही आणि त्याबद्दल आम्ही त्याला दोष देत नाही.

या प्रसंगाकडे मागे वळून पाहताना इतिहासातल्या काही गोष्टींचा अर्थ आम्हाला उलगडला. १९२८ साली एप्रिलपासून सहा महिने मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या. त्या संपातला एक वाद विणकराने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत की नाही, हा होता. पुस्तकांत तो बेकारीचा प्रश्न म्हणून येतो, आणि तो तसा होताही. परंतु साच्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. साचे वाढले की प्रत्येक साच्यावर नजर ठेवण्याचा वेळ कमी होतो. धोटा कोणत्या बाजूने निघाल्यावर आवाज बदलतो, हे ऐकायलाही फुरसत लागते. साच्यांची दुरुस्ती, सुताची प्रत आणि जॉबरची संख्या न वाढवता साचे वाढवले, तर यंत्राच्या चुका माणसाच्या खात्यात जमा होतात.

खराब मालाचे पैसे विणकराच्या पगारातून कापण्याची, किंवा ते कापडच त्याच्या गळ्यात बांधण्याची रीत मुंबईत जुनी होती. रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात पगारातल्या कपातींचा विचार केला आणि त्यातून १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. नुकसानीपोटी कपात करायची तर ती नुकसानीहून जास्त नसावी आणि कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे त्या कायद्याने बजावले. कायदा चांगलाच होता. पण म्हणणे मांडायला ते माहीत असावे लागते. धोटा कोणत्या बाजूने निघाला हे ज्याला सांगता येत नाही, तो संधी मिळूनही गप्प बसतो. आमच्या त्या चार पानांचे तेच झाले असते.

जॉबराविषयीही एक शब्द. जुन्या मुंबईत नोकरी देणारा आणि काढणारा तोच होता. दस्तुरी घेणारा म्हणून तो बदनाम झाला आणि ती बदनामी पुष्कळ ठिकाणी खरी होती. १९३५ साली मुंबईत बदली कामगारांच्या नोंदणीची योजना सुरू झाली, ती त्याच्या या सत्तेला आवर घालण्यासाठी. पण साचेखात्यातला जॉबर यंत्राचा वैद्यही होता. त्याची सत्ता गेली हे योग्यच झाले. त्याचे ज्ञान कोणी लिहून ठेवले नाही, हे वाईट झाले. १९८२ च्या १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक गिरणी मिटत गेली आणि हे ज्ञान चाळीचाळींतून गावी परत गेले.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे धोट्याचे साधे माग अजून चालतात. तेथेही माग बँग झाला की पट्टा आखूड करण्याचा मोह होतोच. नव्या बिनधोट्याच्या मागांवर हवेच्या झोताने धागा जातो, अंशांचे आकडे पडद्यावर दिसतात आणि माग कितीदा व कशाने थांबला याची नोंद आपोआप होते. ही सुधारणा चांगली आहे. मात्र ती नोंद कोण वाचतो, आणि चार्जशीट लिहिण्यापूर्वी वाचतो की नंतर, हे पाहिले पाहिजे.

जे तरुण आज कारखान्यांत, गोदामांत, रेल्वेच्या यार्डात काम करतात त्यांना आमचे सांगणे थोडे आहे. अपघात झाला किंवा माल बिघडला तर पहिल्या रागात काही लिहू नका. यंत्र बंद करायला लावा. शक्य असेल तर ते सर्वांसमोर सावकाश फिरवून पाहा. चूक दर वेळी होते की एकाआड एक, एका बाजूने की दोन्हीकडून, हे कामगाराला विचारा. तो रोज तेथे उभा असतो, त्याला ते ठाऊक असते, फक्त कोणी विचारलेले नसते. मागण्यांच्या चिठ्ठ्यांची नक्कल जपून ठेवा. आणि तपासात आपल्याच माणसाचा हात सापडला तर तोही सांगा, पण त्याच्या डब्यातल्या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय सांगू नका.

तात्या आता नाहीत. त्यांची चाळही पाडली गेली. त्यांनी बोटांवर मोजून दिलेला क्रम आज आपल्या हवाली केला, एवढ्याने आमचे काम झाले.